एसेन : कोळशाचे गाव आणि त्याचे विश्वस्त

शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकांत जर्मनीतील रूर खोऱ्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच ओळ येत आली आहे : कोळसा, पोलाद आणि दाट वस्ती. त्या खोऱ्याच्या मध्यभागी एसेन नावाचे शहर आहे. लोकवस्ती सुमारे पावणेसहा लाख. एके काळी या शहराच्या पोटात खाणींचे जाळे होते आणि डोक्यावर धुराचे छत होते. तेथील शेवटची कोळशाची खाण 1986 मध्ये बंद पडली आणि 2017 मध्ये याच शहराला युरोपची हरित राजधानी हा मान मिळाला. मधल्या एकतीस वर्षांत असे काय झाले, हा प्रश्न कोणाही जिज्ञासू माणसाला पडावा.

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत जर्मनीतले शहर कशाला, असे काही सभासद विचारतील. त्याचे उत्तर असे की एसेनचा इतिहास हा जितका कोळशाचा आहे तितकाच न्यासांचा आहे. आपण न्यास म्हणतो, आमच्या घरी वक्फ म्हणतात, जर्मन लोक ‘श्टिफ्टुंग’ म्हणतात. कोणीतरी धन किंवा जमीन बाजूला काढून ठेवायची आणि पुढच्यांनी ती सांभाळायची, ही कल्पना सगळीकडे सारखीच. एसेनमध्ये हिरवे असे जे काही आज दिसते, त्यातील बरेचसे आपोआप उगवलेले नाही. ते कोणीतरी कोणाच्या तरी स्वाधीन केलेले आहे.

शहराचा जन्मच मुळी अशा एका दानातून झाला. इसवी सन 845 च्या सुमारास हिल्डेसहाइमचा बिशप आल्टफ्रिड याने येथे सरदार घराण्यांतील स्त्रियांसाठी एक मठ स्थापन केला. अशा मठाला जर्मन भाषेत ‘श्टिफ्ट’ म्हणतात. वर सांगितलेल्या श्टिफ्टुंग शब्दाचे हे सख्खे भावंड. येथील स्त्रिया कडक अर्थाने जोगिणी नव्हत्या. त्यांना खासगी मालमत्ता बाळगता येई, आणि मठ सोडून विवाहही करता येई. मठाच्या प्रमुख स्त्रीचा अधिकार पुढे एवढा वाढला की 1803 पर्यंत, म्हणजे साडेनऊशे वर्षांच्या सुमारास, या भूमीवर राज्य स्त्रियांचे होते. त्या काळातले मंदिर, ज्याला आज एसेनचे म्युन्स्टर म्हणतात, गावाच्या मध्यभागी आहे. तेथे मेरीची एक सोन्याच्या पत्र्याने मढविलेली लाकडी मूर्ती आहे; उंची पाऊण मीटरला जराशी कमी, घडण इसवी सन 980 च्या आसपासची. मेरीच्या सर्व बाजूंनी कोरलेल्या ज्या मूर्ती आज शिल्लक आहेत, त्यांत ही सर्वांत जुनी मानली जाते. हजार वर्षांत युद्धे झाली, धर्मपंथांचे तंटे झाले, बाँब पडले. मूर्ती वाचली, कारण प्रत्येक वेळी ती कोणीतरी वेळेवर हलवून लपवून ठेवली.

आता कोळशाकडे आणि त्याहूनही आधी पोलादाकडे वळू. 1811 मध्ये फ्रीडरिश क्रुप याने येथे ओतीव पोलादाचा छोटा कारखाना काढला. तो कर्जबाजारी होऊन 1826 मध्ये वारला, तेव्हा कारखाना आणि कर्ज दोन्ही चौदा वर्षांच्या आल्फ्रेडच्या अंगावर पडले. या मुलाने पुढे जे केले ते सर्वश्रुत आहे. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने सुमारे दोन टन वजनाचा एकसंध पोलादी ठोकळा मांडला आणि जग थक्क झाले. पण त्याची खरी कमाई झाली ती रेल्वेवर. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव बसवतो हे आपण पाहिले आहे. तशी आगगाडीच्या चाकालाही धाव असते, आणि जोड दिलेली धाव वेगात तुटे. आल्फ्रेडने 1850 नंतरच्या दोनचार वर्षांत सांधा नसलेली पोलादी धाव तयार केली. एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे हे क्रुपचे चिन्ह म्हणजे त्या धावाच होत. पुष्कळांचा समज ती तोफांची तोंडे आहेत असा असतो, आणि तो समज का झाला असेल हेही उघड आहे.

कारण तोफा होत्याच. पहिल्या महायुद्धातील 42 सेंटिमीटरची अजस्र तोफ लोकांच्या तोंडी क्रुप घराण्यातील एका मुलीच्या नावानेच ओळखली गेली. एसेन हे जर्मनीच्या शस्त्रागाराचे गाव ठरले आणि त्याची किंमतही गावाने मोजली. 1943 च्या मार्चपासून त्यावर जे बाँबहल्ले सुरू झाले, त्यांत मध्यवस्तीतील बहुतेक सर्व इमारती जमीनदोस्त झाल्या. गावाने मोजलेल्या किमतीपेक्षा इतरांनी मोजलेली किंमत मोठी होती. युद्धकाळात क्रुपच्या कारखान्यांत व्यापलेल्या देशांतून धरून आणलेल्या हजारो माणसांना वेठीला जुंपले होते; छळछावणीतून आणलेल्या ज्यू मुलीही त्यांत होत्या. या गुन्ह्यासाठी कारखान्याचा मालक आल्फ्रीड क्रुप याला न्यूरेंबर्ग येथे 1948 मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. 1951 मध्येच तो सुटला व त्याची मालमत्ताही परत मिळाली. पुढे पन्नासच्या दशकात आपल्या देशात राउरकेला येथे पोलादाचा कारखाना उभारण्यास भारत सरकारने ज्या दोन जर्मन कंपन्यांचे साहाय्य घेतले, त्यांतली एक हीच. 1959 च्या फेब्रुवारीत तेथील पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हा एसेनशी आपला काहीच संबंध नाही असे म्हणता येत नाही.

क्रुप घराण्याने मजुरांसाठी केलेल्या सोयींची जर्मनीत मोठी वाखाणणी होत असे. आजारपणाचा निधी 1836 पासून होता. पुढे स्वस्त धान्याची दुकाने आली, घरे आली, निवृत्तिवेतन आले. आम्हांला मात्र या सोयींकडे पाहताना एक गोष्ट विसरता येत नाही. घर नोकरीबरोबर मिळे आणि नोकरीबरोबर जाई. मजुराने संघटनेत जाऊ नये, समाजवादी पक्षाच्या वाटेला जाऊ नये, अशी मालकाची सक्त अपेक्षा असे. उपकार खरे होते, पण त्याला दोरी बांधलेली होती. आल्फ्रेडने स्वतःसाठी 1873 मध्ये रूर नदीकाठच्या टेकडीवर बांधून पुरी केलेली ‘विला ह्यूगेल’ ही हवेली 269 खोल्यांची आहे. बागेतली झाडे लहानाची मोठी होईपर्यंत थांबणे त्याच्या स्वभावात नव्हते, म्हणून त्याने वाढलेली मोठाली झाडेच मुळांसकट आणून लावली. आज ही हवेली व भोवतालचा 28 हेक्टरांचा बगीचा लोकांना पाहता येतो, आणि झाडे खरोखरच पाहण्यासारखी आहेत.

त्याच घराण्यातल्या एका सुनेने वेगळी रीत घातली. तिचे नाव मार्गारेटे. ती खानदानी पण बेताच्या परिस्थितीतील घरातली; घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्नापूर्वी काही वर्षे एका संस्थानिकाच्या घरी शिक्षिकेची नोकरी केलेली. (आमच्या व्यवसायातली म्हणून तिच्याविषयी आम्हांला थोडे अधिक ममत्व वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.) 1902 मध्ये तिचा नवरा वारला. थोरली मुलगी बेर्था ही वारस, ती अवघी सोळा वर्षांची. चार वर्षे मार्गारेटेने मुलीच्या वतीने एवढा मोठा कारभार सांभाळला. 1906 मध्ये बेर्थाचे लग्न झाले, त्या निमित्ताने तिने दहा लाख मार्क आणि 50 हेक्टर जमीन वेगळी काढून एक न्यास केला : कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरे बांधण्याचा.

या न्यासाची दोन कलमे आम्हांला महत्त्वाची वाटतात. एक, घरे केवळ क्रुपच्या नोकरांसाठी नव्हती. शहरातल्या कारकुनाला, कारागिरालाही ती मिळत. दुसरे, कारभार एकट्या घराण्याकडे न ठेवता त्यात नगरपालिकेलाही स्थान दिले. म्हणजे दोरी तोडली. गेओर्ग मेत्सेनडोर्फ नावाच्या तरुण वास्तुशिल्पज्ञाला बोलावले आणि त्याला नेहमीच्या बांधकामाच्या नियमांतून सूट मिळवून दिली. 1909 पासून 1938 पर्यंत, तीस वर्षे, टप्प्याटप्प्याने वस्ती उभी राहिली. मेत्सेनडोर्फ 1934 मध्ये वारला. काम चालूच राहिले. वस्तीचे नाव देणारणीवरून ‘मार्गारेटेनह्योहे’, म्हणजे मार्गारेटेची टेकडी.

ओढ्याच्या खोऱ्यावरचा पूल ओलांडून कमानीखालून आपण वस्तीत शिरतो. रस्ते मुद्दाम वळणावळणाचे ठेवले आहेत. घरे छोटी, वेलींनी वेढलेली, एकासारखे दुसरे नाही आणि तरी सगळी एका कुटुंबातली वाटतात. मध्ये बाजारचौक, तेथे 1912 चे कारंजे. मेत्सेनडोर्फची खरी हुशारी मात्र बाहेरून दिसत नाही, ती स्वयंपाकघरात आहे. त्याने चूल अशी बसविली की एकाच विस्तवावर स्वयंपाक व्हावा आणि घरही ऊबदार राहावे. शेजारी धुण्याची व आंघोळीची जागा, संडास घरातच, मागे परसबाग. आज यात काय विशेष, असे वाटेल; पण 1910 साली युरोपातला मजूर एका खोलीत पाच-सहा माणसांनिशी राहत होता आणि संडास जिन्यावर वा अंगणात असे. युद्धात या वस्तीचीही बरीच पडझड झाली. ती जुन्या रूपात पुन्हा बांधली. न्यास आजही आहे, घरे आजही न्यासाचीच आहेत आणि भाड्याने दिली जातात. भोवतीचे रान तोडायचे नाही हा संकेत पाळला गेल्यामुळे वस्तीला आजही झाडांचा पट्टा आहे.

आता शहराच्या उत्तरेला जाऊ. स्टेशनवरून 107 क्रमांकाची ट्राम निघते. तिने ‘त्सोलफेराइन’ या खाणीपाशी उतरावे. या नावाचा अर्थ जकात-संघ. फ्रान्झ हानिएल या उद्योगपतीने 1847 मध्ये ही खाण सुरू केली, तेव्हा जर्मन राज्यांनी आपापसांतली जकात उठविल्याला थोडीच वर्षे झाली होती आणि तो शब्द लोकांच्या जिभेवर होता. आज पाहायला जातात ती खाणीची बारावी विहीर. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या दोन वास्तुशिल्पज्ञांनी 1928 ते 1932 या काळात ती उभारली. 55 मीटर उंचीचा पोलादी मनोरा, त्यावर दोन बाजूंना फिरणारी चाके; भोवती तांबड्या विटांच्या आणि लोखंडी चौकटीच्या सरळ, उघड्या, नक्षी नसलेल्या इमारती. मनोऱ्याच्या समोर उभे राहिले की दोन्ही बाजूंची मांडणी तराजूच्या पारड्यांसारखी दिसते. जगातली सर्वांत सुंदर खाण म्हणून हिचे नाव घेतात. 2001 मध्ये ‘युनेस्को’ने तिला जागतिक वारशात स्थान दिले.

सौंदर्य बाजूला ठेवून काम कसे चाले ते पाहू. खोल भुयारांत फोडलेला कोळसा डब्यांत भरून विहिरीतून वर येई. दिवसाला 12,000 टन, म्हणजे साधारण खाणीच्या तिपटी-चौपटीने अधिक. पण वर येतो तो सगळा कोळसा नसतो, दगडही असतो. म्हणून आधी निवड आणि मग धुलाई. पाण्यात कोळसा वर राहतो आणि जड दगड खाली बसतो, या साध्या तत्त्वावर तो प्रचंड कारखाना चाले. धुतलेला कोळसा पुढे कोक भट्ट्यांत जाई. त्सोलफेराइनची कोक भट्टी 1961 मध्ये सुरू झाली. ओळीने 304 अरुंद भट्ट्या. हवा लागू न देता कोळसा हजार अंशांहून अधिक तापवला की त्यातला वायू व डांबर निघून जाते आणि पोलादाच्या झोतभट्टीला लागणारा कठीण, सच्छिद्र कोक उरतो. खाणकामगाराच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसे आणि चाळिशी-पन्नाशीतच त्याला धाप लागे; त्या आजाराचा उल्लेख न करता खाणीच्या सौंदर्याविषयी बोलणे बरे दिसत नाही. 1961 मध्येच पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी मजूर आणण्याचा करार केला आणि या भुयारांत तुर्की भाषाही ऐकू येऊ लागली. त्या मजुरांची नातवंडे-पतवंडे आज रूरच्या शाळांत आहेत.

वास्तविक तेव्हाच ओहोटी सुरू झाली होती. 1958 पासून स्वस्त तेल आणि परदेशी कोळसा यांच्यापुढे हजार मीटर खोलीवरून काढलेला जर्मन कोळसा महाग पडू लागला. एकामागून एक खाणी मिटल्या. सरकारने वर्षानुवर्षे तिजोरीतून पैसा ओतून हा शेवट लांबवत नेला आणि वयस्क कामगारांना मुदतीआधी निवृत्तिवेतन देत, इतरांना दुसऱ्या खाणीत हलवत हे काम उरकले. फार खर्चिक मार्ग, अशी त्यावर टीका झाली व ती खोटी नाही. परंतु ज्या गावांत गिरणीचा भोंगा एका सकाळी वाजला नाही आणि कामगार देण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत म्हातारे झाले, त्या गावांतल्या आपल्यासारख्या माणसांना तो खर्च निराळा दिसेल.

त्सोलफेराइन 23 डिसेंबर 1986 रोजी बंद झाली, कोक भट्टी 1993 मध्ये. भंगारवाले तयारच होते. राज्य सरकारने आवार विकत घेतले आणि मनोरा राहिला. धुलाईच्या कारखान्यात आता रूर प्रदेशाचे संग्रहालय आहे. नारिंगी रंगाच्या लांबलचक सरकत्या जिन्याने थेट 24 मीटर उंचीवर जाऊन मग खाली उतरत पाहायचे, म्हणजे कोळशाची वाट माणसाने चालायची. बाष्पकगृहात सुंदर घडणीच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. भट्ट्यांच्या मधल्या आवारात दोन लोखंडी पेट्या जोडून पोहण्याचा तलाव केला आहे. रुळांच्या मधल्या जागेत भुर्जाची झाडे आपण होऊन उगवली, ती तशीच राहू दिली.

खाण मिटली तरी खाणीचे देणे मिटत नाही, हे एसेनमध्ये जितके कळते तितके कोठे कळत नसावे. दीड-दोनशे वर्षे पोखरल्यामुळे या प्रदेशातील जमीन खचली आहे. काही ठिकाणी वीस मीटरहूनही जास्त. नद्या-ओढ्यांचे पाणी आपल्या वाटेने जाईनासे झाले. ते पंपांनी उपसून चढावर सोडावे लागते, नाहीतर वस्तीच्या मोठ्या भागात तळी साचतील. शिवाय भुयारांत चढणारे खारे पाणी पिण्याच्या पाण्याच्या थरापर्यंत पोचू न देण्यासाठी तेही उपसत राहावे लागते. किती दिवस? उत्तर आहे : कायमचे. जर्मन लोकांनी या कामाला ‘अनंतकाळची कामे’ असेच नाव दिले आहे. त्यांसाठी 2007 मध्ये एक न्यास स्थापन झाला. त्याची कचेरी त्सोलफेराइनच्याच आवारात आहे. 2018 च्या डिसेंबरात शेजारच्या बोट्रोप गावची खाण मिटली, ती जर्मनीतील दगडी कोळशाची शेवटची. पुढच्याच वर्षापासून पंपांचा भार या न्यासावर आला. कोळसा कंपनीच्या रासायनिक उद्योगातील भाग विकून व गुंतवून जमविलेल्या निधीच्या उत्पन्नातून हे काम चालते; खर्च वर्षाला वीस कोटी युरोंहून अधिक. जगात न्यास पुष्कळ आहेत, पण ज्याच्या घटनेतच काम कधी पुरे होणार नाही असे गृहीत धरले आहे, असे न्यास विरळा.

एम्शर नदीची गोष्टही याच जातीची. जमीन खचत असल्यामुळे भूमिगत गटारे टिकत नसत, म्हणून 1899 मध्ये गावांनी व खाणींनी मिळून एक सहकारी संस्था काढली आणि उत्तरेकडची ही नदीच उघडे गटार म्हणून बांधून काढली. शंभर वर्षे काठावरची मुले तिच्याजवळ जाऊ नये म्हणून कुंपणे होती. खाणी मिटल्या, जमीन स्थिरावू लागली, तेव्हा 1992 पासून त्याच संस्थेने उलटे काम आरंभले : डोर्टमुंडपासून 51 किलोमीटर लांबीचा सांडपाण्याचा बोगदा जमिनीखालून काढला, ओढे मोकळे केले, आणि 2021 च्या अखेरीस नदीत सांडपाणी जाणे थांबले. साडेपाच अब्ज युरोंच्या घरात खर्च झाला. दक्षिणेकडे रूर नदीवर 1933 मध्ये पुरे झालेले बाल्डेनाय सरोवर आहे. तेही मुळात पाण्यातला गाळ बसावा आणि बेकारांना काम मिळावे म्हणून खोदलेले. 1971 पासून नदीत पोहण्यास बंदी होती. 2017 मध्ये या सरोवराच्या एका काठावर ती उठली.

तेव्हा शहर हिरवे झाले हे खरे. परंतु सगळीकडे सारखे नव्हे. शहराच्या मधून जाणाऱ्या हमरस्त्याच्या दक्षिणेला टेकड्या, रान, सरोवर आणि पैसेवाले. उत्तरेला खाणकामगारांची, परदेशांतून आलेल्यांची आणि बेकारांची वस्ती. क्रुपच्या मोडून गेलेल्या कारखान्याच्या जागी बाग केली, जुन्या मालगाडीच्या मार्गावर सायकलींचा रस्ता केला. त्यांमुळे उत्तरेला थोडी मोकळी हवा मिळाली आहे. भेद मिटलेला नाही.

एक जागा पाहायची राहून जाऊ नये. मध्यवस्तीत तांब्याच्या घुमटाचे भव्य ज्यू प्रार्थनामंदिर आहे, 1913 साली पुरे झालेले. 1938 च्या नोव्हेंबरात नाझींनी ते आतून जाळले. दगडी भिंती एवढ्या भक्कम की इमारत पडली नाही, पुढच्या बाँबवर्षावातही नाही. युद्धानंतर ते रिकामे होते, कारण प्रार्थनेला येणारी माणसेच उरली नव्हती. 1961 मध्ये नगरपालिकेने आतील उरलेसुरले काढून तेथे घरगुती उपकरणांचे प्रदर्शन थाटले. ही गोष्ट वाचून आम्ही बराच वेळ अस्वस्थ होतो. 1980 मध्ये तेथे स्मारक झाले आणि 2010 पासून ते ज्यू संस्कृतीचे भवन आहे.

फोल्कवांग चित्रसंग्रहालयाला दिवस द्यावा. 1922 मध्ये शहरातील नागरिकांनी वर्गणी करून हा संग्रह हागेनहून विकत आणला. 1937 मध्ये नाझींनी त्यातल्या चौदाशेहून अधिक कृती जप्त केल्या. 2010 मध्ये त्याला नवी इमारत मिळाली, ती क्रुपच्या न्यासाच्या पैशातून. आल्फ्रीड क्रुपच्या मुलाने वारसा सोडला आणि 1968 पासून सगळी संपत्ती न्यासाकडे आली. पुढची पंचेचाळीस वर्षे त्याचा कारभार बेर्टोल्ट बाइट्स यांनी पाहिला. युद्धकाळात पोलंडमधील तेलाच्या कारखान्यावर असताना ज्यू कामगारांना मृत्यूच्या गाडीतून उतरवून घेणारा हा माणूस. 2013 मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी वारला. आपल्यापैकी ज्यांची मुले शिक्षणासाठी जर्मनीत आहेत त्यांना कळवावेसे वाटते, की 2015 पासून या संग्रहालयाच्या कायम संग्रहाला तिकीट नाही. तोही खर्च न्यास उचलतो.